मदत हवी आहे: कॅम्पिंगसाठी बेताच्या बजेटमधला आइसबॉक्स कसा निवडावा?

नमस्कार मंडळी,

कॅम्पिंगला आणि बाहेरच्या गेट-टुगेदरला न्यायला कडक प्लास्टिकचा आइसबॉक्स घ्यायचाय. साधारण सहा माणसं, दोन रात्रींचा मुक्काम. सध्या कापडी कूलर बॅग वापरतो. पहिल्याच संध्याकाळी तिच्यात पाण्याचं डबकं होतं, आणि शिवणीतून ते गाडीच्या डिकीत झिरपतं ते वेगळंच.

शोधायला बसले तर डोकं चक्रावलं. एकीकडे रोटोमोल्डेड बॉक्स: जाड भिंती, झाकणाला रबरी गॅस्केट, ओढून अडकवायचे लॅच. किंमत मात्र आमच्या आवाक्याबाहेर. दुसरीकडे इंजेक्शन मोल्डिंगचे साधे बॉक्स, दिसायला सगळे एकाच माळेचे मणी. त्यांच्यावर 'पाच दिवस बर्फ टिकतो' वगैरे छापलेलं असतं. आता बॉक्स बर्फाने गच्च भरायचा आणि उघडायचाच नाही असं ठरवलं तर टिकेलही, पण आमच्याकडे पोरं येता-जाता झाकण उघडून आत डोकावतात!

तर विचारायचं हे, की जाड भिंतींसाठी एवढे जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ आहे का? नसेल तर स्वस्तातला बॉक्स निवडताना नेमकं काय तपासायचं? 30 लिटर पुरेल की 50 घ्यावा? चाकं हवीत का? आणि बर्फ वितळला की पाणी काढून टाकायचं की राहू द्यायचं? यावर घरातच दोन तट पडलेत.

प्रतिसाद १

जाडीचा हिशोब मांडून बघू, म्हणजे वाद मिटेल. 50 लिटरच्या बॉक्सचा सगळा पृष्ठभाग ढोबळमानाने एक चौरस मीटर धरा. बाहेर दिवसरात्रीची सरासरी 25 अंश, आत शून्य. 3 सेंमी साध्या फोममधून साधारण 25 वॅट उष्णता आत शिरते, म्हणजे दिवसाला साडेसहा किलोच्या आसपास बर्फ वितळणार. 5 सेंमी चांगला पॉलियुरेथेन फोम असेल तर तेच सव्वातीन किलोवर येतं. दोन दिवसांत फरक पडला साडेसहा किलोचा.

आता दुसरी बाजू बघा. 20 लिटर पाणी आणि शीतपेयं 30 अंशांवर असताना तशीच आत टाकली, तर ती 5 अंशांपर्यंत आणायलाच सहा किलोच्या वर बर्फ खर्ची पडतो. एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता शोषतो, त्यावरून कुणीही पडताळून पाहावं. थोडक्यात, महागड्या भिंती दोन दिवसांत जेवढा बर्फ वाचवतात, जवळपास तेवढाच बाटल्या आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवून फुकटात वाचतो. दोन रात्रींसाठी मी तरी रोटोमोल्डेड घेणार नाही. आठवडाभर रानात राहायचं असतं तर गोष्ट वेगळी.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन, पण त्यात झाकण राहिलं. स्वस्त बॉक्समध्ये काटकसर होते ती तिथेच. भिंतींत फोम असतो आणि झाकण नुसतं पोकळ! दुकानात झाकणावर बोटाच्या पेराने टकटक करा आणि मग भिंतीवर करा. भिंत भरीव वाजली आणि झाकण डब्यासारखं वाजलं, तर तो बॉक्स खाली ठेवा. मग कागदाची पट्टी कडेवर ठेवून झाकण लावा आणि ओढा. सहज सरकली तर तिथून हवा जाणार. चारही बाजूंनी करून बघा, कोपरे हमखास दगा देतात. घरी आणल्यावर आत मोबाईलचा टॉर्च लावून ठेवायचा, झाकण बंद करायचं आणि खोलीत अंधार करायचा. फट असेल तिथे उजेडाची रेघ दिसते. बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत हे करा.

बिजागऱ्या आणि लॅच स्क्रूने बसवलेले असतील तर उत्तम, तुटले तर बदलता येतात. बाहेर पाणी सोडायची तोटीही आट्यांची हवी. नुसतं दाबून बसवायचं बूच कधी निघेल सांगता येत नाही.

प्रतिसाद ३

पाण्याचं: आत फक्त बाटल्या आणि कॅन असतील तर राहू द्या. बर्फ आहे तोवर ते पाणीही शून्याच्या आसपासच असतं आणि बाटलीला चहूबाजूंनी भिडतं. काढलंत तर त्या जागी गरम हवा येऊन बसते. मात्र आत कच्चं मांस किंवा उघडं अन्न असेल तर पाणी काढा, आणि मांस घट्ट झाकणाच्या डब्यात सगळ्यात खाली ठेवा. नाशवंत पदार्थ 5 अंशांच्या खाली राहिले पाहिजेत. एक साधा थर्मामीटर आत टाकून ठेवा, हाताच्या अंदाजावर जाऊ नका.

चाकांच्या भानगडीत पडू नका. वाळूत आणि खडकाळ जागी ती रुततात, आतली जागा खातात. दोन बाजूंनी दोघांनी धरता येतील अशा कड्या बघा. ड्राय आइस (म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वापरायचा विचार असेल तर लॅच लावून बॉक्स हवाबंद करू नका. त्याचा वायू होतो, दाब साठतो. बंद गाडीत किंवा तंबूत तर तो नकोच.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार! टकटक करून बघायची युक्ती आजच वापरली. दुकानातला माणूस विचित्र नजरेने बघत होता, पण पाहिलेल्यांपैकी बहुतेक झाकणं पोकळच निघाली.

मग असं केलं तर? एक 50 लिटरचा घेण्याऐवजी खाण्यासाठी 30 लिटरचा जरा बरा बॉक्स आणि पेयांसाठी दुसरा अगदी साधा. पोरांनी तो हवा तेवढा उघडावा.

प्रतिसाद १

उत्तम. खाण्याच्या बॉक्समध्ये सुटे खडे टाकण्यापेक्षा बाटल्यांत पाणी गोठवून ठेवा. मोठा गोळा सावकाश वितळतो आणि पाणी नंतर प्यायला होतं. बाटल्या काठोकाठ भरू नका, गोठताना फुगून फुटतात. बॉक्स सावलीत आणि जमिनीपासून थोडा वर ठेवा.

धागाकर्ती

चालेल. शेवटचं एक: पेयांच्या साध्या बॉक्सचं झाकण पोकळच मिळणार असं दिसतंय. आतून भोकं पाडून त्यात स्प्रे फोम कुणी भरलाय का? झाकण फुगून वाकडं होतं असं ऐकलंय.

प्रतिसाद २

एकदम भरलं तर होतं. थोडा थोडा, टप्प्याटप्प्याने भरा आणि मधे वाळू द्या. बंद जागेत हा फोम फार हळू सुकतो. भोकं जास्त ठेवा, म्हणजे जादाचा फोम बाहेर येईल. आणि झाकण बॉक्सवर लावून, वर वजन ठेवूनच वाळवा.