अपंगत्व पेन्शन मिळाली म्हणून दवाखाना सोडू नका

कळवेकर:
बाबा १९९८ ला फौजेतून पेन्शनवर आले. डावा गुडघा सेवेतच गेलेला. निवृत्तीच्या वेळी तपासणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डानं ३० टक्के अपंगत्व लिहिलं. अपंगत्व पेन्शन त्या टक्क्यांवरच ठरते. पुढे ते डॉक्टरकडे फिरकलेच नाहीत. तेल चोळायचं, नाक्यावरच्या मेडिकलमधून गोळी आणायची, झालं. २००३ ला ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांसाठीची आरोग्य योजना, सुरू झाली. त्याचं कार्डही काढलं, पण ते कपाटातच राहिलं. गेल्या वर्षी जिना बसत-बसत उतरायची वेळ आली, तेव्हा फेरतपासणी मागितली. बोर्डानं मधल्या वर्षांचे कागद विचारले. आमच्याकडे एक एक्स-रे, तोही २६ जुलै २००५ च्या पाण्यात पाकिटाला चिकटलेला. टक्के जिथल्या तिथे राहिले. माजी सैनिकांनो, दुखतंय तोवर पॉलिक्लिनिकला, म्हणजे ईसीएचएसच्या दवाखान्यात, जात राहा.

ऐरोलीकर:
अजिबात पटलं नाही. संरक्षण मंत्रालयाच्या २००१ च्या आदेशानुसार ठरलेले टक्के कायमचे असतात, जवानानं स्वतः फेरतपासणी मागितली तरच बदलतात. तुमचं वाचून एखादे काका घाबरतील, की दवाखाना चुकला तर पेन्शन बंद! आणि कागद सांभाळायची जबाबदारी जवानाची का? धरमवीर सिंग खटल्यात २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की भरतीच्या वेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळेच झाला असं धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायचा भार सरकारवर. तो तुम्ही पुन्हा म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर ठेवताय.

कळवेकर:
पेन्शन बंद होते असं मी कुठे म्हटलं? तो निकाल दुखणं सेवेतलं की नाही याबद्दल आहे. दुखणं वाढलं, हा वेगळा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालामुळे मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही ५० च्या आतले टक्के ५० धरून पेन्शन मिळते, ५० ते ७५ असतील तर ७५ धरून. बाबांचा गुडघा ५० च्या पुढे गेलाय, हे केसपेपरशिवाय कोण मानणार?

घोडबंदरहून:
जात राहा म्हणणं सोपं आहे हो. माझ्या सासऱ्यांना तज्ज्ञाकडे कुलाब्याला पाठवतात. ठाण्याला गर्दीच्या लोकलमध्ये चढायचं, सीएसएमटीला उतरून पुढे बस. वाकत नसलेल्या पायानं! दोनदा गेले, तिसऱ्यांदा नको म्हणाले. त्यांची चूक आहे का ही?

वाशीची नर्स:
चूक मुळीच नाही. पण ऐरोलीकर, हक्क कागदावर शाबूत राहिला तरी गुडघा झिजायचा थांबत नाही. मला रोज दिसतं ते सांगते. फौजी माणूस खुर्चीत ताठ बसतो आणि डॉक्टरांनी विचारलं की म्हणतो, "ठीक आहे." मग केसपेपरवर "विशेष तक्रार नाही" एवढंच येतं. उठताना टेबलाचा आधार घेतलेला कुणी लिहीत नाही. घरच्यांनी सोबत जा आणि बोला.

ऐरोलीकर:
ताई, हे मान्य. तरी बोर्डानंच नीट तपासावं. कागद नाहीत म्हणून वाढलेलं दुखणं नाकारणं मला अन्यायच वाटतो.

कळवेकर:
अन्याय आहेच. काल बाबांना घेऊन गेलो. ते "ठीक आहे" म्हणाले, तेव्हा मी मध्ये बोललो, की साहेब, हे जिना बसून उतरतात. डॉक्टरांनी पेन थांबवलं, बाबांकडे पाहिलं आणि ते लिहून घेतलं. परतताना बाबा रिक्षात गप्प होते. पुढची तारीख मात्र त्यांनीच कॅलेंडरवर लिहिली.