पाच हजारांखालची पहिली चोरी: सेवा शिक्का बसल्यावर की आधी?

नाममात्र: १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ‘सामुदायिक सेवा’ ही शिक्षा आली. चोरीचा माल पाच हजारांहून कमी किमतीचा, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरलेला, माल किंवा पैसे परत केलेले, तर तुरुंगाऐवजी सेवा. चांगलंच आहे. माझं भांडण ‘दोषी ठरलेला’ या शब्दांशी आहे. शिक्का आधी, झाडू नंतर.

ओळखीतल्या एकोणीस वर्षांच्या पोराने अठराशेचे इअरबड खिशात घातले. कोर्टाच्या व्हरांड्यात सल्ला मिळाला, “कबूल करून टाक, आजच मोकळा होशील.” झाला मोकळा. आता नोकरीच्या अर्जात ‘कधी शिक्षा झाली आहे का?’ या रकान्यापाशी पेन अडतं. हाच दीड वर्ष आधी सापडला असता, तर बाल न्याय कायद्याच्या कलम २४ ने वाचला असता; अठराखालच्यांना दोषसिद्धीची अपात्रता लागत नाही. म्हणून म्हणतो, सेवा आधी करून घ्या, नीट केली तर खटला मागे घ्या.

गल्ल्यावरचा: पोराचं वाईट वाटलं. आता जरा गल्ल्याच्या या बाजूला या. पाच हजारांखालची ही चोरी आता अदखलपात्र झाली. सीसीटीव्हीचं फुटेज पेन ड्राइव्हवर घेऊन ठाण्यात गेलो, एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, कागद घेऊन परत आलो. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत म्हणे. खटला उभाच राहत नाही, मागे काय घेता? आणि ‘पहिल्यांदा’ म्हणजे पहिल्यांदा सापडला. तेलाच्या पिशव्या नेणाऱ्या एक बाई माझ्याकडे तीनदा सापडल्या, तिन्ही वेळा रडल्या, सोडून दिलं. कागदोपत्री त्या अजून पहिलटकरीण!

मुक्ता: त्यापेक्षा निबंध लिहून घ्या. पुण्याचं कल्याणीनगर, मे २०२४. अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोन जीव गेले आणि ३०० शब्दांचा निबंध.

वकीलकाका: मुक्ता, ती बाल न्याय मंडळाने घातलेली जामिनाची अट होती, आणि तो गुन्हा किरकोळ नव्हताच. इथे मिसळू नका.

नाममात्र, १९५८ चा परिवीक्षा (प्रोबेशन) कायदा आहे की. कलम ३ खाली ताकीद, ४ खाली चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र, आणि १२ मुळे शिक्षेची अपात्रता लागत नाही. शिवाय मालक तयार असेल तर तडजोड, त्याला कोर्टाची परवानगीही लागत नाही, म्हणजे निर्दोष सुटल्यासारखंच. व्हरांड्यात एवढं सांगायला कुणाकडे पाच मिनिटं नसतात, हे खरं दुखणं.

नाममात्र: कलम १२ अपात्रता काढतं, दोषसिद्धी नाही. त्या रकान्यात ‘नाही’ लिहायची सोय होत नाही. तडजोडीचं मान्य, पण मग पोराचं नशीब मालकाच्या मूडवर.

गल्ल्यावरचा: असू द्या की मूडवर, माल माझा गेलाय. चार शनिवार गोदामात पोती मोजून दे म्हणावं, मी स्वतः कोर्टात येऊन सही करतो. फक्त ठाण्यात नोंद राहू द्या. शेजारच्या दुकानात पुन्हा ‘पहिल्यांदा’ सापडायला नको.

वकीलकाका: गोदामात नाही चालणार. सेवा समाजाच्या उपयोगाची हवी, नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम २३ मध्येच तसं म्हटलंय. तुम्हाला फुकटचा हमाल हवाय!

गल्ल्यावरचा: बरं, गोदाम राहू द्या. दुकानासमोरचं गटार चालेल का? तीन अर्ज देऊन झालेत.