दमट हवेत कापडी माउसपॅड जड होतो. व्हॅलोरंटसाठी काचेचा पॅड घ्यावा का?

कोकणचा_सेंटिनल (चिपळूण) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी मुख्यतः व्हॅलोरंट हा नेमबाजीचा संगणकीय खेळ खेळतो. माउसचा डीपीआय (एक इंच सरकल्यावर माउस मोजतो ते टप्पे) ८०० आणि खेळातील सेन्सिटिव्हिटी (त्या हालचालीने नजर किती वळावी याचे प्रमाण) ०.३ आहे, म्हणजे स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेण्यासाठी माउस सुमारे ५४ सेंटीमीटर सरकवावा लागतो. मनगटापेक्षा कोपरापासूनचा हात जास्त वापरणाऱ्यांपैकी मी आहे. पॅड कापडी, मऊ रबराच्या तळाचा आणि टेबलाची बहुतेक रुंदी व्यापणारा आहे.

अडचण अशी, की जूनच्या मध्यापासून हा पॅड निराळाच वागू लागतो. दुपारी पंख्याखाली तो ठीक चालतो. पण रात्री पाऊस लागून राहिला, की त्याच सेन्सिटिव्हिटीवर तीच फ्लिक (नेम झटकन लक्ष्यावर नेण्याची हालचाल) शत्रूच्या डोक्याच्या अलीकडेच थांबते आणि माउस हलवायला सुरुवात करतानाच तो किंचित अडखळल्यासारखा वाटतो. पॅड धुऊन वाळवला की काही दिवस बरे जातात, मात्र आमच्याकडे जुलैत कपडे वाळायचीच मारामार असते, तिथे पॅडची काय कथा. काचेच्या पॅडवर हवेचा परिणाम होत नाही असे वाचले, म्हणून तिकडे मन वळले आहे.

शंका अशा आहेत. माझ्या माउसमध्ये पीएमडब्ल्यू ३३६० हा जुना सेन्सर आहे, तो काचेवर चालेल का? काचेवर माउस फार घसरतो म्हणतात, मग कोपऱ्यावर नेम धरून स्थिर राहणे जमते का? आणि तिसरी शंका थोडी काटकसरीची आहे. तयार पॅडच्या किमती पाहता बाजारपेठेतल्या काचवाल्याकडून ४ मिलिमीटरची दुधी काच कापून घेतली, तर काय बिघडेल?

संत्रानगरी_स्ट्रेफ (नागपूर) यांचे उत्तर

मी बऱ्याच काळापासून काचेवर खेळतो, परंतु माझा मुख्य खेळ एपेक्स लेजंड्स आहे. हा फरक आधीच सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. एपेक्समध्ये पळणाऱ्या शत्रूवर क्रॉसहेअर (पडद्यावरची नेमाची खूण) सतत चिकटवून ठेवावा लागतो आणि तिथे माउस जितका विनाअडथळा सरकेल तितके चांगले. व्हॅलोरंटमध्ये बहुतांश वेळ क्रॉसहेअर एका जागी धरून बसायचे असते आणि मग एक छोटी, नेमकी हालचाल करायची असते. स्पर्धात्मक पातळीवर व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक खेळणारे बहुसंख्य लोक आजही कापडावर का खेळतात, याचे उत्तर त्यातच आहे.

‘काच म्हणजे वेग’ एवढेच लोक सांगतात, पण ते अर्धेच आहे. कापडी पॅडखाली मऊ रबर असते. आपण हलत्या शत्रूवर थांबण्याच्या क्षणी नकळत माउस खाली दाबतो, तेव्हा माउसचे पाय त्या मऊ थरात किंचित रुततात आणि आपोआप ब्रेक लागतो. कित्येकांना आपण हा ब्रेक वापरतो याची कल्पनाही नसते. काच दबत नाही, त्यामुळे माउस रुतण्याचा प्रश्नच येत नाही. कितीही दाबा, थांबवण्याचे काम स्नायूंनाच करावे लागते. सुरुवातीला माझी प्रत्येक फ्लिक लक्ष्याच्या पलीकडे जात असे आणि गोळी झाडताना क्लिकच्या धक्क्यानेसुद्धा क्रॉसहेअर हलत असे. बोटांची पकड सैल करून तळहाताची कड पॅडला टेकवायला लागल्यावर ते थांबले. आपण आधीच कमी सेन्सिटिव्हिटीवर खेळता, हे आपल्या पथ्यावर पडेल, कारण काचेवर येणारे बहुतेक लोक शेवटी सेन्सिटिव्हिटी उतरवतातच.

त्या बदल्यात मिळते ते सातत्य. माउस स्थिर असताना त्याला हलवायला लागणारा जोर आणि हलत असताना चालू ठेवायला लागणारा जोर यांत कापडावर जाणवण्याइतका फरक असतो. आपण ज्याला अडखळणे म्हणता ते हेच. काचेवर दोन्ही जोर कमी असतात आणि एकमेकांच्या जवळ असतात. इथे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की कापडी पॅड नुसता पळतो आणि जुलैत तोच पॅड ओढावा लागतो. काचेवर मला ऋतूनुसार हात बदलावा लागत नाही.

आकाराकडे मात्र लक्ष द्या. काचेचे पॅड सहसा ४० ते ५० सेंटीमीटर रुंद असतात. रेझरचा अॅटलस ४५ बाय ४० सेंटीमीटरचा आहे. आपल्या सेन्सिटिव्हिटीवर अर्धी गिरकी २७ सेंटीमीटरची, म्हणजे पॅडच्या मध्यावरून निघालात तर ती कडेच्या बाहेर जाते. टेबलभर पॅडची सवय असलेल्या हाताला हे चांगलेच जाचते. आणि हो, आवाज. रात्री दोन वाजता घरातली मंडळी झोपलेली असताना काचेवर माउस उचलून ठेवल्याचा टक् असा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू जातो.

भट्टीवाला (तळोजा) यांचे उत्तर

मी काच प्रक्रिया उद्योगात काम करतो आणि खेळण्यात फारसा तरबेज नाही, म्हणून फक्त तिसऱ्या शंकेबद्दल लिहितो.

दुकानात ‘दुधी काच’ म्हणून जे मिळते ते दोन प्रकारचे असते. एक आम्लाने कोरलेली, जिचा पृष्ठभाग बोटाला रेशमासारखा लागतो. दुसरी वाळूचा फवारा मारून खरवडलेली, जी नखाने घासली तर करकरते. बाथरूमच्या खिडकीसाठी दोन्ही चालतात, पण वाळूवाली काच माउसखाली घेऊ नका. ती पॉलिश पेपरचे काम करील आणि माउसचे टेफ्लॉनचे पाय पाहता पाहता झिजवील. त्यातही काही दुकानांत साध्या काचेला नुसती फिल्म चिकटवून ‘फ्रॉस्टेड’ म्हणून देतात, तेव्हा कडेला नख घालून पाहावे.

दुसरी बाब सुरक्षिततेची. साधी काच तुटली की लांब, धारदार सुऱ्यांसारखे तुकडे होतात आणि आपला हात तासन्‌तास तिच्यावर टेकलेला असणार. म्हणून काच टफन्डच हवी. ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोताने झटकन थंड केलेली ही काच साध्या काचेच्या सुमारे चौपट मजबूत असते आणि फुटलीच तर तिचे बोथट दाणे होतात. पण टफन केल्यावर ती कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, कडाही घासता येत नाहीत. त्यामुळे माप, कोपऱ्यांची गोलाई, कडांचे पॉलिश हे सगळे भट्टीत जाण्यापूर्वीच व्हावे लागते, आणि ते गल्लीतल्या काचवाल्याच्या हातात नसते; तो ऑर्डर घेऊन माल आमच्यासारख्यांकडे पाठवतो. एक नग काढायला कारखाना सहसा तयार होत नाही, झालाच तर काटकसर संपलीच म्हणायची.

शिवाय भट्टीत काच रुळांवरून पुढे-मागे फिरते, त्यामुळे तिला अगदी सूक्ष्म लाटा आणि कधी किंचित बाक येतो. दरवाज्याच्या काचेत हे कोणी पाहत नाही. टेबलावर सपाट ठेवायच्या तुकड्यात मात्र एक कोपरा केसभर जरी वर राहिला, तरी माउस त्या बाजूला गेला की पॅड डगडगतो. खाली रबराचा अखंड थर लावला तर यातले बरेच झाकले जाते. वजनाचेही लक्षात असू द्या: ४५ बाय ४० सेंटीमीटरची ४ मिलिमीटर जाडीची काच १.८ किलोची होते. सपाट पडलेली असताना ती सहसा फुटत नाही. फुटते ती उचलून भिंतीला टेकवून ठेवताना, फरशीवर कड आपटली की. टफन्ड काचेचा कमकुवत भाग तिची कड असतो.

कोकणचा_सेंटिनल यांचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. काचवाल्याचा विचार सोडून दिला. सेन्सरचा प्रश्न तसाच राहिला आहे, आणि टेफ्लॉनच्या पायांचा उल्लेख आला म्हणून विचारतो, की तयार पॅडवरही ते इतके झिजतात का? माझ्या माउससाठी बदली पाय मिळतात, पण दरवेळी मागवत बसावे लागणार असेल तर तो खर्चही धरावा लागेल.

जुना_डस्ट२ (पुणे) यांचे उत्तर

आधी सेन्सर. आपला माउस पृष्ठभागावर अवरक्त प्रकाश टाकून दर सेकंदाला त्याची हजारो छायाचित्रे घेतो आणि लागोपाठच्या छायाचित्रांची तुलना करून हालचाल मोजतो. नितळ काचेत टिपण्यासारखे काही नसते, म्हणून माउस गोंधळतो. तशा काचेवर चालणारे माउसही आहेत. लॉजिटेकने २००९ मध्ये डार्कफील्ड नावाचे तंत्र आणले ते त्यासाठीच, पण ते कार्यालयीन माउससाठी होते. खेळासाठी बनवलेल्या काचेच्या पॅडचा पृष्ठभाग मुद्दाम सूक्ष्म खडबडीत केलेला असतो, त्यामुळे ३३६० त्यावर साधारणपणे चालतो. तरीही परत करण्याची मुदत असेल अशाच ठिकाणाहून घ्या आणि पहिल्याच दिवशी तपासा. पॅडवर पट्टी टेप लावून बसवा, माउसची कड पट्टीला लावून २० सेंटीमीटर सावकाश न्या आणि झटक्यात मागे आणा. हे खेळात करा, कारण डेस्कटॉपवर पॉइंटर पडद्याच्या कडेला अडकेल. क्रॉसहेअर मूळ जागी आला पाहिजे. थोडा इकडे-तिकडे चालेल, पण दरवेळी एकाच दिशेला बराच सरकत असेल तर सेन्सर आणि पृष्ठभाग यांचे जमत नाही असे समजावे. मग माउस किंचित उचलून हलवून पाहा. उचलल्यावरही पॉइंटर हलत राहिला, तर सॉफ्टवेअरमध्ये लिफ्ट-ऑफ अंतर (माउस किती उचलल्यावर सेन्सर थांबतो ते) कमी करा किंवा पृष्ठभागाचे कॅलिब्रेशन करून घ्या, म्हणजे सेन्सर त्या पृष्ठभागाशी जुळवून घ्या.

पाय झिजतात, तयार पॅडवरही झिजतात. काळ्या पॅडवर पांढुरक्या रेघा दिसू लागल्या की ते टेफ्लॉनच असते. किती वेगाने झिजतील हे त्या पॅडच्या पोतावर आणि आपण माउस किती दाबता यावर ठरते. पाय जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड असतात आणि ते संपून माउसचे प्लॅस्टिक काचेला लागू लागले की दोघांचेही नुकसान होते. यूएचएमडब्ल्यू नावाच्या कडक पॉलिइथिलीनचे पाय मिळतात, ते टेफ्लॉनपेक्षा हळू सरकतात आणि अधिक टिकतात. आपल्याला थांबण्याची काळजी आहे, तेव्हा तेच लावा, एका दगडात दोन पक्षी. काचेचे पाय मात्र कापडी पॅडसाठी असतात, काचेवर काच घासू नये. खेळायला बसण्यापूर्वी ओलसर मायक्रोफायबर फडक्याने पॅड पुसणे हा नेमच करावा लागतो, कारण धुळीत वाळूचा कण असला तर तो काचेपेक्षा कठीण असतो आणि पायाखाली अडकून ओरखडा उठवतो.

आता नागपूरकरांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. काच हवेतली ओल शोषत नाही हे खरे, पण आपली कातडी तर तीच राहते. दमट रात्री उघडा हात काचेला चिकटतो. माउस लोण्यासारखा सरकतो आणि हात मागे राहतो. कोपरापासून हात हलवणाऱ्याला हे फार जाणवते. विदर्भातल्या हवेवरून चिपळूणचा अंदाज करू नये. काच घेतलीत तर लायक्रासारख्या कापडाची हातबाही लागणारच, हे धरून चाला. खोलीत वातानुकूलन यंत्र असेल तर ते बंद करून खिडकी उघडल्यावर गार काचेवर दव धरते, तेही पुसावे लागते.

काचेचे पॅड काही आजचे नाहीत. डेन्मार्कमध्ये २००१ साली स्थापन झालेली सॉफ्ट ट्रेडिंग ही कंपनी आइसमॅट नावाचा काचेचा पॅड विकत असे, आणि आमच्या काउंटर-स्ट्राइकच्या दिवसांत त्याचे मोठे अप्रूप होते. तीच कंपनी पुढे स्टीलसीरीज झाली आणि घराघरांत पोचला तो तिचा क्यूसीके हा साधा कापडी पॅड. २०२३ मध्ये रेझरने अॅटलस सुमारे १०० डॉलरला आणला, तेव्हा तो नवा शोध असल्यासारखी चर्चा झाली, याची मला गंमत वाटली.

आपल्या जागी मी असतो, तर आधी स्वस्तातले उपाय केले असते. पॅड कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवा, चोळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपा आणि पंख्याखाली आडवा वाळवा. कापडाला नुसती ओल जड करत नाही. घामाचे मीठ आणि कातडीचे तेल धाग्यांत बसलेले असते आणि ते ओल धरून ठेवते. हातबाही आत्ताच घ्या, कापडावरही ती निम्मे काम करते आणि पुढे काच घेतली तरी वाया जात नाही. तेवढ्यानेही रात्रीच्या फ्लिक तोकड्याच पडत राहिल्या, तर जाड विणीच्या मऊ पॅडऐवजी कडक तळाचा, गुळगुळीत विणीचा कापडी पॅड पाहा. तो ओल धरतो, पण पाय त्यात कमी रुतल्यामुळे फरक कमी जाणवतो. त्यानंतरही काचच हवी असे वाटले, तर ऑक्टोबरमध्ये घ्या. नव्या पॅडवर हात बसवायचा आणि त्याच वेळी पावसाळी हवेशी झगडायचे, ही दोन कामे एकदम करण्यात अर्थ नाही, आणि रँक्डमध्ये, म्हणजे क्रमवारीसाठीच्या सामन्यांत, तर मुळीच नाही.