मदत हवी आहे : अक्षता सोहळ्याला आईला घेऊन जायचंय, कुठं उभं राहू?

नमस्कार मंडळी, चार महिन्यांपूर्वी नाशिकहून सोलापुरात आलोय, बाळीवेसजवळ भाड्यानं राहतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गड्ड्याच्या यात्रेला (इथल्या ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा), म्हणजे त्यातल्या भोगीच्या दिवशीच्या सिद्धेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला (त्यांच्या प्रतीकात्मक लग्नाला) आम्हाला बोलावलंय. काकू घरात कन्नड बोलतात, आमच्याशी मराठी, आणि समोरच्या तेलुगू वहिनींशी तिसरंच काहीतरी मिक्स (मला अजून अर्धं कळत नाही, पण मजा येते).

अडचण आईची आहे. वय ७१, गुडघे दुखतात, अर्ध्या तासापेक्षा जास्त उभं राहवत नाही, व्हीलचेअर नाहीये, काठी घेऊन चालते. काकूंना विचारलं तर "या की ओ, काय होत नाही" एवढंच, ऑफिसातला एकजण म्हणाला सम्मती कट्ट्याजवळ (जिथं हा सोहळा होतो) पाय ठेवायला जागा नसते, दुसरा म्हणाला लांबून पण छान दिसतं, म्हणून गोंधळ झालाय. रिक्षा कुठपर्यंत जाते तेही कुणी नीट सांगेना.

६८ लिंगांच्या तैलाभिषेकाची मिरवणूक आदल्या दिवशी असते हे माहितीये, तेवढं चालणं आईला झेपणार नाही, त्यामुळे ते नको. होम मैदानावरचे पाळणे-स्टॉल पण नंतर बघू. फक्त अक्षता टाकायच्यात आणि सातही नंदीध्वज (मिरवणुकीतले उंच सजवलेले ध्वज) डोळे भरून बघायचेत, आईचा हट्टच आहे तो.

आणि एक, पांढरी बाराबंदी (बंदांनी बांधायचा पारंपरिक अंगरखा) फक्त मानकऱ्यांनी घालायची का? मी साधा पांढरा कुर्ता घातला तर आगाऊपणा वाटेल का?

तर आईला बसता येईल अशी जागा कुठं मिळेल आणि त्यासाठी किती वाजता पोचावं?