दोन मिनिटांची थ्रिलर ओपनिंग: सुरुवात कुठून?

प्रश्न: कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी थ्रिलर फिल्मची २ मिनिटांची ओपनिंग (सुरुवातीचा भाग) शूट करायची आहे. मोबाइल, एक खोली, एकच कलाकार. आधी काय ठरवू?

उत्तर १: शॉट लिस्ट, म्हणजे घ्यायच्या शॉटची क्रमवार यादी. २०-२५ शॉट पुरतात. टायटल कुठल्या शॉटवर येणार ते तेव्हाच लिही आणि तिथे फ्रेममध्ये एका बाजूला जागा मोकळी सोड. नाहीतर अक्षरं थेट चेहऱ्यावर येतात.

उत्तर २: सेकंदाला २५ फ्रेम ठेव आणि शटर (एक फ्रेम किती वेळ प्रकाश घेते ते) १/५० सेकंदावर लॉक कर. आपली वीज ५० हर्ट्झची. १/६० ठेवलंस तर ट्यूबलाइटखाली पट्टे सरकताना दिसू शकतात. एक्स्पोजरही (चित्र किती उजळ दिसेल ते) लॉक, नाहीतर कलाकार आत येताच मागची भिंत उजळते-काळवंडते.

उत्तर ३: आणि आवाज! पंखा, फ्रिज बंद. सगळ्यांना गप्प करून रिकाम्या खोलीचा ३० सेकंद आवाज घे, एडिटमध्ये तोच सगळ्या कटांखाली अंथर. दाराच्या कडीचा आवाज फोन जवळ धरून वेगळा घे आणि दार दिसण्याच्या ८-१० फ्रेम आधी सुरू कर.