एफर्ट एस्टिमेटला मराठीत काय लिहायचं?

डिचोलीकर: फोंड्यातल्या एका पतसंस्थेसाठी सॉफ्टवेअरचं प्रपोजल मराठीत करतोय. 'एफर्ट एस्टिमेट'ला, म्हणजे किती श्रम लागतील त्या हिशेबाला, 'अंदाजपत्रक' लिहिलं तर चेअरमन म्हणाले, यात रुपये कुठायत? नुसते मॅन-मंथच (एका माणसाचं महिन्याभराचं काम म्हणजे एक) होते त्यात. बरं 'अंदाज' लिहावं तर म्हणतात अंदाज नको, पक्कं सांगा. काय लिहू?

शुद्धमती: प्राक्कलन. प्राक् म्हणजे आधी, कलन म्हणजे मोजणं. महाराष्ट्रात रस्त्यांच्या, इमारतींच्या सरकारी कागदांत हाच शब्द असतो. तयार शब्द सोडून एस्टिमेट कशाला?

कोडवाली: सर, रस्त्याला ठीक आहे हो, खडी-डांबराचे दर ठरलेले, लांबी-रुंदी टेप लावून मिळते, इथे मोजायची वस्तूच अजून जन्माला आलेली नसते. आणि खरा घोळ 'एफर्ट'चा आहे. सॉफ्टवेअरवाल्या बॅरी बोएमनी १९८१ साली श्रम मोजायची कोकोमो ही पद्धत मांडली, तिच्या साध्या सूत्रात छोट्या टीमच्या सोप्या कामाला कोडच्या १०,००० ओळींचे साधारण २७ मॅन-मंथ येतात आणि मुदत येते पावणेनऊ महिने, म्हणजे माणसं तीन. २७ माणसं लावून ते महिन्यात होत नाही. तेव्हा श्रम वेगळे आणि मुदत वेगळी हे चेअरमनना आधी दाखवा, दोन रकाने करा.

कुळागरी: आमच्याकडे अदमास म्हणतात. सुपारी झाडावर असतानाच बागायत घेणारा येतो, चार-पाच पोफळींचे घड मान वर करून मोजतो, एखादी सुपारी फोडून आत कितपत भरलीय बघतो, मग 'इतके ते इतके' मण सांगतो. एक आकडा कधीच देत नाही. कोडवाली बाय, तुमचंही तसंच ना?

कोडवाली: तसंच. बोएमच्याच मते अगदी सुरवातीला सांगितलेला आकडा चौपट किंवा पाव निघू शकतो. म्हणून अदमास मला फार आवडला, त्या शब्दातच 'इतके ते इतके' आहे.

शुद्धमती: बोलायला छान, करारात नाही चालणार. अंदाज तर सरळ फारसी, अंदाख्तन म्हणजे फेकणं, तीरंदाज-गोलंदाज त्यातलेच.

म्हापसेकर: मग फलंदाज? तो काय फेकतो?

शुद्धमती: तेच तर! गोलंदाजाच्या धर्तीवर जुळवलेला शब्द, अर्थाने चूक.

म्हापसेकर: चूक कशी? रेडिओवर कॉमेंट्री ऐकून मोठे झालो आम्ही, फलंदाज म्हटलं की बॅट दिसते, फारसी कोणाला आठवते? लोकांनी वापरला की शब्द खरा.

शुद्धमती: मग लोक एस्टिमेटही म्हणतात, चर्चाच कशाला?

डिचोलीकर: मंगळवारी द्यायचंय हो. सध्या एका रकान्यात 'लागणारं काम, मनुष्य-महिन्यांत' आणि दुसऱ्यात 'मुदत' लिहिलंय, दोन्हीकडे 'पासून-पर्यंत'. रकान्यांच्या वर मथळा काय देऊ?

कुळागरी: अदमास द्या.

शुद्धमती: प्राक्कलन. आणि म्हापसेकर, फलंदाजाचं आपलं राहिलंय अजून.