बेरोजगारी उतरली, पण पगार कुणाचा उतरला?

खडूस कारकून
बेरोजगारी कमी कशी करावी हा विषय निघाला की जर्मनीचा दाखला हटकून येतो. 2003 ते 2005 या काळात तिथे हार्ट्झ सुधारणा आल्या. बेरोजगार भत्त्याची मुदत बहुतेकांसाठी वर्षावर आणली. त्यानंतर मिळणारी मदत पूर्वी जुन्या पगाराच्या प्रमाणात असे, ती सरसकट किमान रकमेवर आली. सुचवलेलं काम नाकारणाऱ्याचा भत्ता कापायचे नियम कडक झाले. 2005 च्या सुरुवातीला 50 लाखांवर गेलेली बेरोजगारांची संख्या 2008 पर्यंत 35 लाखांच्या खाली आली.

छान. पण भत्ता कापल्याने फक्त बेरोजगार माणूसच वाकतो का? पगारवाढ मागायला साहेबासमोर बसलेल्याच्या डोक्यात एकच हिशेब चालू असतो: बिनसलंच, तर घर किती महिने चालेल? सरकारने नेमके ते महिने कमी केले. म्हणून बेरोजगारीच्या आकड्याशेजारी तळाच्या पगाराचा आकडा मांडल्याशिवाय कुठल्याही धोरणाला यशस्वी म्हणू नये, असं माझं मत.

आकडेमोड
सगळं खापर हार्ट्झवर फोडू नका. जर्मनीतले पगार त्याआधीच, नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून, आवरते घेतले जात होते. कारखाने पूर्व युरोपात जायची भीती होती, म्हणून संघटनाच नोकऱ्या टिकवण्याच्या बदल्यात पगारावर पाणी सोडत होत्या.
आणि दोन वर्षं घरी बसलेल्याला मुलाखतीलाही कुणी बोलावत नाही. त्याला कमी पगाराची का होईना, पण नोकरी मिळाली तर बिघडलं काय? आज कमी पगार, उद्या बढती.

रातपाळी
उद्या बढती! 'मिनी-जॉब' बघा. 2003 ते 2012 या काळात महिना 400 युरोपर्यंतच्या कमाईवर कामगाराला कर नव्हता, विम्याची वर्गणी नव्हती. दुकानं-हॉटेलांनी काय केलं? पुष्कळ ठिकाणी एका पूर्णवेळ माणसाचं काम तिघांत वाटलं. त्या तिघांना बढती कशी मिळणार? 400 च्या वर गेलं की कापाकापी सुरू व्हायची, मग तेही तिथेच थांबायचे.

बेरोजगाराला कामावर घेतलं की सरकार मालकाला जे पगार-अनुदान देतं, त्याचंही तेच. मी पगारपत्रकं बनवतो. अनुदानावर घेतलेल्यांच्या नावापुढे मुदत संपायची तारीख पेन्सिलने लिहिलेली असते. त्या महिन्यात 'काम समाधानकारक नाही' असं पत्र निघतं आणि नव्या अनुदानावर नवा माणूस येतो. कागदोपत्री मात्र दोघांना रोजगार दिला!

आकडेमोड
हा लबाडीचा दोष झाला, अनुदानाचा नाही. मुदतीनंतर माणूस टिकवला तरच शेवटचा हप्ता द्यायचा, अशी अट घालता येते. तुमचा उपाय काय, किमान वेतन वाढवायचं? मग अननुभवी पोरांना दारातही उभं करणार नाहीत.

खडूस कारकून
हीच भीती 2015 च्या आधी घातली होती. जर्मनीने तासाला 8.50 युरो किमान वेतन लावलं. लाखो नोकऱ्या जाणार म्हणत होते. बेरोजगारी घटतच राहिली. मिनी-जॉब कमी झाले, त्यातले काही रीतसर नोकरीत बदलले. त्याआधी 1992 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने तासाचं किमान वेतन 4.25 डॉलरवरून 5.05 केलं, तेव्हा कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना केली. फास्ट फूडच्या दुकानांत रोजगार घटल्याचं दिसलं नाही.

शंकासुर
त्या न्यू जर्सीवर पुढे नॉयमार्क आणि वॅशर या अर्थतज्ज्ञांनी पगारनोंदी काढून उलटा निष्कर्ष मांडला होता, तेही सांगा की. कार्ड यांना 2021 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं म्हणून वाद मिटत नाही. किमान वेतन किती वाढवलं यापेक्षा तिथल्या मधल्या पगाराच्या (निम्मे कामगार ज्याहून कमी कमावतात त्या) ते किती जवळ गेलं हे बघावं लागतं. जर्मनीत चाललं ते सगळीकडे चालेल असं नाही.

बाकी तुम्ही तिघांनीही प्रशिक्षण-मार्गदर्शन सोडूनच दिलंय. फ्रान्समध्ये सुशिक्षित बेरोजगार तरुणांवर मोठा प्रयोग झाला, 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. मार्गदर्शन मिळालेल्यांना नोकऱ्या लवकर लागल्या, पण बऱ्याच अंशी मार्गदर्शन न मिळालेल्यांच्या वाट्याच्या. संगीत खुर्चीत एकाला पळायला शिकवलं म्हणून खुर्च्या वाढत नाहीत.

रातपाळी
मग खुर्चीच वाढवा. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी सुरू केली, 1977 मध्ये कायदा केला. 2005 च्या केंद्राच्या कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची हमी दिली. हमीच्या कामावर आलेल्यांना तर मजुरी मिळतेच, पण न आलेल्यालाही 'तिथे एवढी मिळते' म्हणून भाव करता येतो.

आकडेमोड
काम वेळेवर निघालं आणि पैसे वेळेवर आले तर! मजुरी महिनोन्महिने अडकली की कसला भाव करताय? शिवाय ती वाढीव मजुरी देणारा दर वेळी बडा मालक नसतो. दोन एकरवालाही कापणीला माणसं लावतो. त्याच्या पदरचे पैसे कोण भरून देणार, ते सांगा.

खडूस कारकून
त्याला पिकाचा भाव द्या. मजुराच्या खिशातून काढून कशाला?